एकट्याने निघालात तर: प्रकाशे ते तोरणमाळ

पडके अवशेष आणि खोल दऱ्या पाहायला वाळवंटच गाठावे लागते असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात आहेत.

पहिला मुक्काम तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे. भाविकांना ही ‘दक्षिण काशी’ केदारेश्वरामुळे ठाऊक असते. पांढरीच्या टेकाडाकडे फारसे कोणी वळत नाही. १९५४-५५मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाण वस्ती निघाली: दगडाची बारीक पाती आणि माळवा धाटणीची रंगवलेली मडकी. त्याच वस्तीच्या वरच्या थरात संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव लागलेली खापरे सापडली. त्याहून वर लोहयुग. माळवा, गुजरात आणि दख्खन यांची ये-जा या खोऱ्यातून होती, ती इथे मातीतच वाचता येते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आजही इथूनच जातो.

पुढे शहादा. टाकी इथेच भरून घ्यावी.

म्हसावद, राणीपूर मागे पडले की सातपुड्याचा घाट लागतो. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. यशवंत तलावापाशी सगळेच थांबतात, पण खरी चीज सीताखाई: काळ्या बेसॉल्टचे थरावर थर आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे पाणी. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तेव्हा कडा उघडा पडतो आणि लाव्हाचे थर स्पष्ट दिसतात. खडक वाचायचा असेल तर हाच मोसम बरा.

महाशिवरात्रीला मात्र गोरखनाथाची यात्रा भरते; एकांत हवा असेल तर ते दिवस टाळावेत. घाटात अंधार पडू देऊ नये.