पोखरण, गीता आणि ड्रम अँड बेस

नव्वदच्या दशकात लंडनमध्ये ‘एशियन अंडरग्राउंड’ नावाची लाट आली. हॉक्सटनमधल्या ब्लू नोट क्लबात तलविन सिंग ‘अनोखा’ नावाची संगीतरात्र भरवू लागला, तबला संगणकी ठेक्याशी भिडला आणि त्याच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. त्या लाटेतले बरेचसे संगीत आज शिळे वाटते. सतारीचा एक तुकडा, खाली दणदणता बेस, वर एखादा मंत्र, एवढ्यावर भागवणारे तेव्हा पुष्कळ होते. टिकला तो नितीन साहनी.

त्याचा जन्म १९६४चा, बालपण केंटमधल्या रॉचेस्टरमधले. आईवडील पंजाबी हिंदू, आई भरतनाट्यम शिकलेली. दाराबाहेर मात्र सत्तरच्या दशकातली, वंशद्वेष उघडपणे मिरवणारी नॅशनल फ्रंट. मुलगा पियानो शिकला, फ्लामेंको गिटार शिकला, सतार आणि तबलाही. त्यामुळे पुढे त्याच्या संगीतात हे सगळे एकत्र आले ते पाहुण्यासारखे नव्हे. लहानपणापासून ते एकाच घरात नांदत होते.

१९९९च्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममध्ये याचा कस लागला. सुरुवातीलाच अटलबिहारी वाजपेयींचा आवाज येतो, पोखरणच्या अणुचाचण्या जाहीर करणारा. शेवटी अणुबॉम्ब बनवणारा ओपेनहायमर येतो, गीतेच्या अकराव्या अध्यायातला काळपुरुष उद्धृत करणारा. हिंदू तत्त्वज्ञान आपण मानतो, पण धार्मिक नाही, असे साहनीने या अल्बमसोबत लिहिले. आपल्या पूर्वजांच्या देशाने बॉम्ब फोडावा आणि बॉम्ब बनवणाऱ्याने आपलाच ग्रंथ तोंडी घ्यावा, ही कोंडी त्याने भाषण न ठोकता केवळ रचनेतून मांडली. मधेच ‘इमिग्रंट’मध्ये त्याच्या वडिलांचा बोलता आवाज येतो. राजकारण्याच्या आवाजाहून तोच जास्त वेळ मनात राहतो.

‘नादिया’ हे यातले सर्वांत गाजलेले गाणे. ते गायले आहे स्वाती नातेकर यांनी. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. खाली ड्रम अँड बेसची धावपळ चालू असताना वर त्यांचा स्वर अजिबात घाई करत नाही. लयीचे हे दुपदरीपण साहनीला नेमके कळते. पुढच्या ‘प्रॉफेसी’त (२००१) मात्र त्याने जगभरचे इतके आवाज गोळा केले, की मला तरी तिथे दाटी वाटते. ‘द नेमसेक’ या चित्रपटाचे (२००६) पार्श्वसंगीत त्याहून संयत.

त्याच्यानंतरचा कियेरन हेब्डन, म्हणजे ‘फोर टेट’, हाही अर्धा भारतीय, आईकडून. २०१५च्या ‘मॉर्निंग/ईव्हनिंग’मध्ये त्याने लताबाईंचा आवाज वीसेक मिनिटांच्या रचनेत फिरवत ठेवला. त्यात वाद नाही, आरोप नाही, नुसता स्वर आहे. ऐकायला सुंदर, पण साहनीने विचारलेला प्रश्न तिथे नाही.

‘बियाँड स्किन’ ऐकायचा तर क्रम न मोडता ऐका. सुटी गाणी निवडलीत, तर वाजपेयी आणि ओपेनहायमर यांची गाठ पडणार नाही.