तुटलेला बोल्ट

मोटारीच्या एंजिनांतील जुना बोल्ट सोडवीत असतां कधीं कधीं पान्यावरचा ताण एकाएकीं नाहींसा होतो. हाताला क्षणभर हलकें वाटतें; बोल्ट सुटला असा आनंदही होतो. पण दुसऱ्याच क्षणीं कळतें कीं, तो सुटलेला नसून तुटलेला आहे. अर्धा तुकडा पान्यांत आणि अर्धा एंजिनाच्या अंगांत! अशा वेळीं चांगल्या चांगल्या कारागिरांच्या तोंडून जे शब्द निघतात ते येथें उच्चारण्याजोगे नसतात. वस्तुतः तोंवर नुकसान झालेलें असतें तें एका बोल्टाच्या किंमतीचें. खरें नुकसान होतें तें पुढच्या अर्ध्या तासांत, आणि तें बहुधा रागाच्या भरांत हातून घडतें.

उदाहरणादाखल एखाद्या घरीं वडिलांच्या वेळेपासून सांभाळलेली प्रीमियर पद्मिनी आहे असें समजावें. मूळच्या इटालियन फियाट ११०० या गाडीचा हा देशी अवतार मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई, आणि टॅक्सीच्या रूपानें तो मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत धांवत होता. तिच्या एंजिनाचा खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, पण वरचें झांकण, म्हणजे सिलेंडर हेड, अॅल्युमिनियमचें. या हेडाच्या बाजूस धूर बाहेर नेणारी ओतीव शाखानळी बसविलेली असते. ती ज्यांनीं धरून ठेवलेली असते त्या बोल्टांना डोकें नसतें. दोन्ही टोकांस आटे असून एक टोंक हेडांत आणि दुसऱ्यावर नट. अशा बिनडोक्याच्या बोल्टास कारागीर स्टड म्हणतात. स्टड मिळतो चार पैशांत. परंतु त्याच्यापायीं हेड बिघडलें तर तें कोणत्याही दुकानांत नवें कोरें मिळत नाहीं, कारण त्या गाडीचें उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मग भंगाराचे बाजार धुंडाळणें आलें.

बोल्ट तुटतो कां? पुष्कळांची समजूत अशी कीं, बोल्ट हा एक प्रकारचा खिळा आहे. तसें नाहीं; तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळला म्हणजे तो केंसभर लांबतो, आणि पूर्ववत् होण्याच्या त्याच्या ओढीनेंच दोन भाग एकमेकांशीं घट्ट बसतात. पान्यानें लावलेल्या जोरापैकीं सुमारें ९० टक्के जोर घर्षणांतच खर्ची पडतो; ताण उत्पन्न करण्याच्या कामीं जेमतेम दहावा हिस्सा येतो. आतां आट्यांत गंज शिरला तर काय होईल? गंजाला मूळच्या लोखंडापेक्षां जास्त जागा लागते. तो फुगून आट्यांमध्यें पाचर ठोकल्यासारखा बसतो. त्यांतून पोलादाचा स्टड अॅल्युमिनियममध्यें, आणि वर पावसाळी हवेचा ओलावा. दोन भिन्न धातु ओलाव्यांत एकत्र आले कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम कुरतडलें जातें व त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. अशा स्थितींत पान्याचा सारा पीळ स्टडाच्या उघड्या भागावर येतो, आणि तो तेथें तुटतो.

म्हणून हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: हा बोल्ट आवळतांना तुटला कीं सोडतांना? फाजील आवळल्यामुळें जो तुटला, त्याचा आंतला तुकडा पुष्कळदां सैल असतो. डोकें गेल्याबरोबर त्यावरील ताणही गेलेला असतो. टोंकदार पंचानें कडेवर उलट्या दिशेनें हळू हळू टिचकावलें तरी तो फिरूं लागतो. सोडतांना जो तुटला त्यानें मात्र आपण आंत किती घट्ट आहों हें आधींच सांगितलेलें असतें. त्याच्याशीं दुसऱ्यांदा तीच जबरदस्ती करण्यांत अर्थ नाहीं.

अशा तुकड्यास प्रथम वेळ द्यावा. गंज सोडविणारें पातळ तेल घालून रात्रभर ठेवावें; मधून मधून हातोडीनें हलके ठोके मारावे, म्हणजे तेल आंत उतरतें. त्यानंतर उष्णता. अॅल्युमिनियम तापल्यानें पोलादाच्या जवळ जवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून ज्योत तुकड्यावर न धरतां भोंवतालच्या धातूवर फिरवावी; छिद्र मोठें होतें आणि पकड ढिली पडते. पण लोखंडाप्रमाणें अॅल्युमिनियम लाल होऊन सावधगिरीची सूचना देत नाहीं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें, ओतकामाचे मिश्रधातु त्याच्याही आधीं; बघतां बघतां कोपरा गळून पडतो. म्हणून उष्णता बेताची असावी. तापलेल्या जागीं मेणबत्तीचा तुकडा टेकविला तर वितळलेलें मेण आट्यांत ओढलें जातें, ही जुनी युक्ति आजही उपयोगी पडते. बॅटरीची तार आधीं सोडलेली असावी आणि पेट्रोलची नळी व सांडलेलें तेल जवळपास नसावें, हें खरें तर सांगण्याची गरज नाहीं. पण आगी लागतात त्या अशाच न सांगितलेल्या गोष्टींमुळें.

तुकडा थोडा वर आलेला असेल तर नशीब चांगलें. त्यावर नट ठेवून नटाच्या पोटांतून वेल्डिंगनें तो तुकड्याला जोडावा. येथें वेल्डिंगचें काम दुहेरी असतें: पान्याला धरावयास डोकें मिळतें, आणि त्या प्रखर उष्णतेनें गंजाची पकडही मोडते. थोडें निवूं द्यावें आणि मग पाना लावून एकदम न ओढतां किंचित् पुढें, किंचित् मागें असें हलवीत राहावें. पहिला नट निघून आला तर दुसरा जोडावा. तिसऱ्या-चौथ्या खेपेस यश आल्याचीं उदाहरणें कोणत्याही गॅरेजांत ऐकावयास मिळतील.

तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीनें तुटला असेल तर मात्र ड्रिलवांचून गत्यंतर नाहीं, आणि येथेंच हेड वांचतें अथवा जातें. तुटलेलें तोंड खडबडीत असतें, त्यावर ड्रिल घसरून शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्यें जातें. म्हणून तोंड आधीं सपाट करावें, बरोबर मध्य शोधावा, पंचानें खूण करावी. ती चुकली असें वाटलें तर पंच तिरपा धरून मध्याकडे सरकवावी. या खुणेवर पाव तास खर्च झाला तरी तो वायां गेला असें समजूं नये. नंतर ३ मिलिमीटरचें छिद्र, सरळ, तेल घालीत, मंद गतीनें. किती खोल जावयाचें त्याची खूण ड्रिलवर चिकटपट्टीनें करून ठेवावी, कारण कांहीं छिद्रांच्या पलीकडे पाण्याची वाट असते. डाव्या पिळाचें ड्रिल मिळाल्यास तेंच वापरावें. तें उलटें फिरतें, म्हणून कापतां कापतां तुकड्याला सोडवण्याच्या दिशेनें ओढीत असतें, आणि कधीं कधीं तुकडा आपण होऊन बाहेर येतो.

आतां त्या निमुळत्या, उलट्या पिळाच्या हत्याराविषयीं, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. दुकानदार त्याची फार स्तुति करतात. छिद्रांत ठोकून उलटें फिरवावें कीं तुकडा निघाला, असें त्याचें वर्णन असतें. पण विचार करावा: पूर्ण जाडीचा स्टड ज्या पकडीपुढें तुटला, तिच्यापुढें त्याच्या पोटांत मावणारी ही बारीक कांडी कशी टिकावी? शिवाय निमुळती असल्यामुळें ती तुकड्याला आंतून फुगवते, म्हणजे पकड वाढवितेच. आणि ती तुटली तर तिचें कठीण पोलाद साध्या ड्रिलनें कापलें जात नाहीं. म्हणून तुकडा थोडा तरी हलत असेल तरच तिचा उपयोग करावा. उतावळेपणानें ती तुटलीच, तर विजेच्या ठिणग्यांनीं धातु खाणाऱ्या यंत्राकडे जावें लागतें. या यंत्राची कथा मोठी गमतीची आहे. १९४३ सालीं रशियांत लाझारेंको नांवाचें शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणग्यांनीं होणारी झीज थांबविण्याच्या खटपटींत होतें. झीज थांबली नाहीं, पण तिलाच कामाला जुंपण्याची कल्पना त्यांना सुचली.

एवढें करूनही तुकडा निघाला नाहीं तर छिद्र पायरीपायरीनें वाढवीत जावें. स्टड ८ मिलिमीटरचा व त्याच्या आट्यांचें अंतर १.२५ मिलिमीटर असेल तर ६.८ मिलिमीटरपर्यंत जातां येतें. मग जुन्या आट्यांत उरलेली पोलादाची वेटोळी टोंकदार हत्यारानें उचकटून काढावी आणि टॅप फिरवून आटे साफ करावे. टॅपला अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें, अशी चाल द्यावी म्हणजे किसाचे तुकडे पडतात. आटे बिघडलेच तर हेलिकॉइल नांवाची पोलादी तारेची गुंडाळी बसवितां येते. छिद्र किंचित् मोठें करून, नवे आटे पाडून, ती आंत फिरवून बसविली कीं मूळ मापाचे आटे परत मिळतात, आणि अॅल्युमिनियममध्यें ते मूळच्यापेक्षां मजबूत ठरतात. तेव्हां हा उपाय कमीपणाचा मानण्याचें कारण नाहीं.

नवा स्टड घेतांना माप नीट पाहावें. इंग्लिश व अमेरिकन वळणाच्या जुन्या गाड्यांत इंचाचे आटे असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ८ मिलिमीटरचा बोल्ट त्या छिद्रांत एक-दोन फेरे जातो आणि फसवतो. पुढें जोर केला कीं आटे गेले. म्हणून नवा स्टड प्रथम बोटांनींच शेवटपर्यंत जावा. न गेल्यास थांबावें. छिद्राच्या तळाशीं तेल किंवा पाणी राहूं देऊं नये, कारण द्रव दाबला जात नाहीं, आणि वरून आवळलेला स्टड हेडालाच तडा पाडूं शकतो. उष्णतेंतल्या आट्यांना चिकटूं न देणारा तांब्याचा लेप थोडा लावावा. पण लेपानें घर्षण कमी होतें, म्हणून कोरड्या आट्यांसाठीं पुस्तकांत दिलेला जोर अशा वेळीं जास्त होतो, तो कमी करावा. नवी गॅस्केट घालून नट मधून बाहेरच्या दिशेस, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.

मग एंजिन सुरू करून शाखानळीच्या सांध्याजवळ कान द्यावा. बारीक टक्-टक् असा आवाज गार एंजिनांत येऊन गरम झाल्यावर थांबत असेल, तर सांधा अजून फुंकतो आहे असें समजावें. एकदां तापून पुरतें निवल्यावर सर्व नट पुन्हां तपासावे, आणि त्यांत शेजारच्या जुन्या स्टडांवरून हात फिरवावयास विसरूं नये. त्यांचेंही वय तेवढेंच झालेलें असतें.