प्रिऑन प्रथिन व तांबे यांच्या बंधाचे संगणकीय सदृशीकरण
प्रिऑन प्रथिन तांब्याचे आयन कसे धरून ठेवते, याचा संगणकावरील प्रतिरूपाद्वारे केलेला अभ्यास म्हणजे हे सदृशीकरण होय. चेतापेशींच्या पृष्ठभागावर आढळणारे हे प्रथिन चुकीच्या आकारात दुमडल्यास क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा प्राणघातक मेंदूविकार होतो. त्याच्या ज्या भागात आठ ॲमिनो आम्लांचा क्रम पुन्हापुन्हा येतो, तेथे तांब्याचे ४ आयन बांधले जाऊ शकतात. या भागाला स्थिर आकार नसल्याने केवळ प्रयोगांतून त्याची रचना पूर्णपणे उलगडत नाही. सदृशीकरणात तांब्यालगतच्या अणूंसाठी पुंजयामिकी, तर उर्वरित प्रथिन व पाण्यासाठी अभिजात यामिकी वापरतात. कारण संपूर्ण प्रथिनाचे पुंजयामिकी गणित अतिशय वेळखाऊ ठरते. तांबे प्रथिनाला रोगकारक रूपापासून वाचवते की त्याकडे ढकलते, हा या संशोधनातील मुख्य प्रश्न आहे.