खिडकीतला कप

आमच्या बदलापुरातल्या महिला मंडळाने एकदा मला ‘लक्ष्मीबाई टिळक आणि नम्रता’ या विषयावर बोलायला बोलावले. विषय आवडीचा, शिवाय अध्यक्षीणबाईंच्या शेजारची खुर्ची! आठ दिवस आधीपासून मी टिपणे काढू लागले. सुरुवात तर अशी सुचली की मीच माझ्यावर खूश झाले. अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या काळातले, इ. स. १०६० चे. त्याचा गाभारा मंडपाहून खोल आहे. पायऱ्या उतरल्याशिवाय दर्शन घडत नाही. नम्रता म्हणजे उतरणे, हे माझ्या भाषणाचे पालुपद!

भाषण आधी कुणाला तरी ऐकवावे म्हणून शेजारच्या आजींना बोलावले. आजी ख्रिस्ती, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. यजमानांची सारी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात झाली. पुढे मुलाने बदलापुरात जागा घेतली. हातात लसूण सोलायला घेऊन आजी ऐकायला बसल्या.

मी नारायण वामन टिळकांपासून आरंभ केला. आपल्या कल्याणच्या शाळेत १८६९ ते १८७३ या काळात शिकलेला हा मुलगा पुढे मोठा कवी झाला. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला आणि त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

मग आल्या लक्ष्मीबाई. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेले जिन्नसही धुवून घ्यावे लागत. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा आभाळच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे संसारात परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतःच विचार केला आणि ठरवले, की जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र त्यांनी कुठे मोठेपणा मिरवला नाही. आपली फजिती, आपला हट्ट, आपले अज्ञान सारे हसत हसत मांडून ठेवले.

“नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे,” मी आवाज चढवून म्हणाले, “नम्रता म्हणजे आपण जसे आहोत तसे पाहणे!”

एवढ्यात कामाच्या बाई आल्या. भाषणाने घसा कोरडा पडला होताच. मी चहा टाकला. उल्हासनगरच्या बाजारातून हौसेने आणलेला सहा कपांचा संच फळीवर होता. त्यातले दोन कप काढले. एक आजींना, एक मला. आणि बाईंचा चहा नेहमीप्रमाणे खिडकीतल्या कपात ओतला. कान तुटलेला, काठाला टवका गेलेला तो कप गेली सात वर्षे खिडकीतच असे. हे सारे करताना माझे बोलणे क्षणभरही थांबले नव्हते.

बाई गेल्या. आजी लसूण सोलत होत्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, “भाषण चांगलं झालंय. एक सांगू? आमच्याकडंही कप वेगळे होते, बाई.”

“तुमच्याकडे?”

“ख्रिस्ती झालो म्हणून ते आपोआप फुटले नाहीत. कोण आधी कुठल्या जातीचा, हे लग्न जमवताना बरोबर आठवायचं. माझ्या सासूबाई दोन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, आणि अमक्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत. मीही नाही प्यायले. पाप माझंच दिसायला मला चाळीस वर्षं लागली. म्हणून रात्री प्रार्थनेला बसले, की आधी दिवसभराचा हिशेब देते. मागणं नंतर.”

माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. मला रागावता आले असते.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ! आपली ही म्हण आणि डोंगरावरच्या प्रवचनातला उपदेश एकच, हा मुद्दाही माझ्या टिपणात होता. ठळक अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना संचातल्या कपात चहा दिला. त्या कपाकडे पाहत राहिल्या. “पाहुणे येणार हायती का?” त्यांनी विचारले. मला उत्तर सुचेना. चहा पिऊन त्यांनी कप विसळला आणि सवयीने खिडकीत नेऊन ठेवला. सात वर्षांत मी त्यांना काय शिकवले, ते त्या क्षणी मला समजले. “बाई, चुकलं माझं,” एवढेच शब्द. पण ते तोंडातून बाहेर पडायला अंबरनाथच्या साऱ्या पायऱ्या उतराव्या लागल्या. त्या नुसत्या हसल्या आणि केर काढायला लागल्या. मला माफ केले की नाही, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

मंडळात मी बोलले. देवळाचा दृष्टान्त गाळला आणि कपाची गोष्ट सांगितली. टाळ्या कमी पडल्या. दोघीतिघी मात्र घरी जाताना गप्प होत्या.

तुटक्या कानाचा कप मी फेकला नाही. फळीवर बाकीच्या सहांच्या रांगेत ठेवला. ज्याच्या हाती येईल त्याने त्यातून चहा प्यावा. खरे सांगायचे तर पहिले काही दिवस माझ्या हाती तो येऊ नये, अशी मी खबरदारी घेत असे. हेही रात्रीच्या हिशेबात लिहावे लागले.

वाचकहो, दिवाळीसाठी माळे, फडताळे, कोनाडे झाडून झाले असतील. एकदा आपल्या स्वयंपाकघराची खिडकीही पाहून घ्या.