सातची साय का झाली? नवी भाषा रचताना ध्वनिबदलांचा क्रम

टॉल्किनने भाषा रचल्या तेव्हा नुसते शब्द पाडले नाहीत. आधी एक जुनी भाषा कल्पिली, मग तिचे उच्चार नियमाने बदलत नेऊन क्वेन्या आणि सिंडारिन अशा दोन भाषा काढल्या. हे काम आता प्रोग्रॅमही करतो. जुने शब्द द्या, नियम द्या, नवे शब्द बाहेर. मार्क रोझेनफेल्डरचं 'साउंड चेंज अप्लायर' हे त्यासाठीचं टूल. मी मात्र पायथॉनमध्ये स्वतःचं लिहायला बसलो.

टेस्टसाठी उत्तर आधीच माहीत असलेली केस हवी होती, ती घरातच सापडली. इनपुट संस्कृत, आउटपुट मराठी. (ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या घडणीवर १९२० मध्ये आख्खं पुस्तक काढलंय.)

पहिली अडचण लिपीची. 'हस्त' म्हणजे युनिकोडमध्ये चार खुणा: ह, स, हलन्त, त. उच्चारात ध्वनी मात्र पाच, कारण ह आणि त मधल्या 'अ'ला वेगळी खूणच नाही. त्यामुळे आधी शब्द सुटे ध्वनी करून घ्या, मगच नियम चालवा. नाहीतर 'दोन स्वरांमधला त' शोधणार कसा?

मग नियम. एक, जोडाक्षरातले ध्वनी एकसारखे होतात: सप्तचं सत्त, हस्तचं हत्थ. दोन, दोन स्वरांमध्ये एकटे पडलेले त, द, च वगैरे गळतात: सूचीची सुई, पादचं पाअ आणि पुढे पाय. तीन, जोड सुटते आणि आधीचा स्वर लांबतो: सत्तचं सात.

माझ्याकडून दोन आणि तीनची अदलाबदल झाली. सत्तचं आधी सात झालं, मग त्यातला त एकटा सापडला आणि गळला. सातची झाली साय! नियम सगळे बरोबर, फक्त क्रम चुकला. जोड असेपर्यंत त सुरक्षित होता. म्हणजे गळतीचा नियम थांबल्यावरच जोड सुटली असणार. क्रम म्हणजे इथे इतिहासच.

ण चं प्रकरण त्याहून मजेदार. 'पानीय'मधला न स्वरांमध्ये एकटा, त्याचा ण झाला: पाणी. 'कर्ण'चं कण्ण झालं, आणि जोड सुटताना ण्ण चा न झाला: कान. म्हणजे मुळात न होता तिथे ण आला, ण होता तिथे न.

इथे मला शाळा आठवली. मी पनवेलचा, घरी आगरी. आगरीत ण चा न होतो, आम्ही 'पानी' म्हणतो. बाई वर्गात उभं करून 'पाणी' म्हणायला लावायच्या, पोरं हसायची. आता कोडमध्ये पाहतो तर बाईंचा ण हाही मूळ न चा बदललेला उच्चार. आमच्या बोलीने त्यापुढे एकच नियम जोडलाय, तोही सरसकट. 'कान' म्हणताना मात्र बाईंनी कर्णातला ण कधी मागितला नाही.

माझ्या भाषेच्या फाइलमध्ये शेवटची ओळ तीच ठेवलीय: ण → न. तिच्यामुळे मण आणि मन एकच होतात, म्हणून वजनासाठी दुसरा शब्द शोधतोय.