चंद्रावरील छायाचित्रे : आक्षेप आणि शहानिशा

मोखाड्याच्या बोहाड्यात संबळ-सनईच्या तालावर देवदैत्यांचे मुखवटे धारण केलेली सोंगे रात्री एकामागून एक नाचत येऊ लागली आणि त्यांच्या दोन्ही अंगांस टेंभे धरले गेले, म्हणजे प्रत्येक सोंगाच्या पायांपासून जितके टेंभे तितक्या छाया फुटतात, हे ज्याने तो उत्सव डोळसपणे पाहिला त्यास निराळे सांगावयास नको. १९६९ ते १९७२ या अवधीत अपोलो मोहिमांतील बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले; परंतु ते सारे थोतांड होते, अशी फिर्याद बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने १९७६ साली पुस्तकरूपाने गुदरली, आणि चंद्रावरील छायाचित्रे बंदिस्त चित्रीकरणगृहात, अनेक दिव्यांच्या प्रकाशात घेतली गेली, असे पुढे त्या मताचे लोक सांगू लागले. पण दिवे अनेक असते, तर त्या चित्रांतील प्रत्येक माणसास आणि प्रत्येक दगडास छायाही अनेक असत्या. तेथे ती एकच आहे.

अनेक दिव्यांचा संशय उद्भवला तो छायांच्या दिशा परस्परांशी समांतर दिसत नाहीत, यावरून. अपोलो-११ उतरले त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे दहा अंशच वर होता, आणि खाचखळगे छायेवरून ओळखू यावेत म्हणून ती वेळ हेतुपुरस्सर निवडलेली होती. इतक्या कललेल्या प्रकाशात जमिनीच्या प्रत्येक उंचवट्यावर छाया वाकते, लांबते, आखडते; शिवाय दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात एकत्र येताना दिसतात, ते वेगळेच. जव्हारच्या हनुमान पॉइंटवर सूर्यास्तसमयी उभे राहून उतारावरील झाडांच्या छाया पाहाव्यात. सूर्य एकच असूनही त्यांच्या दिशांत तोच विसंवाद आढळेल. आकाशात तारे का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर अधिकच सरळ आहे: सूर्यप्रकाशाने उजळलेली भूमी टिपण्यासाठी हॅसलब्लाड कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सुमारे अडीचशेव्या भागापुरताच उघडत असे, आणि तेवढ्या क्षणात ताऱ्यांचा मंद प्रकाश फिल्मवर उमटत नाही.

या वादातील सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र अपोलो-१६ च्या एका चित्राचे आहे. त्यातील खडकावर इंग्रजी ‘सी’ अक्षर दिसते. ते नाटकाच्या सामानावर घातलेले खुणेचे अक्षर होय, असा गवगवा झाला. मूळ फिल्म काढून पाहिली असता तीवर अक्षर नव्हते. प्रत काढताना मध्ये आलेल्या एखाद्या केसाची वा तंतूची ती खूण होती. नक्कल अस्सलाशी ताडून पाहणे हा दप्तरातील जुना दंडक. तो प्रथमच पाळला असता, तर ही तकरार उभीच राहिली नसती.

आता पुराव्यासाठी केवळ अमेरिकेच्या साक्षीवर विसंबण्याचेही कारण उरलेले नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी प्रभृती शास्त्रज्ञांनी अपोलोने आणलेल्या चंद्रधुळीच्या कणांत वैश्विक किरणांनी प्रदीर्घ काळात कोरलेले सूक्ष्म माग तपासले. वातावरणाच्या आवरणाखालील पृथ्वीच्या मातीत तसले माग आढळावयाचे नाहीत. पुढे चांद्रयान-१ च्या चित्रांत अपोलो-१५ च्या अवतरणस्थळी यानाच्या झोताने विस्कटलेल्या भूमीचे वलय दिसले, आणि चांद्रयान-२ ने अपोलो-११ व १२ यांची स्थळे टिपली.

संशय घेणे गैर आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम अवतरक चंद्रावर आदळला, तेव्हा चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी नासाची पूर्वीची व नंतरची चित्रे शेजारी ठेवून, पूर्वी नसलेला एक ठिपका हेरला, तो नासाला कळविला, आणि नासाने नवी चित्रे घेऊन डिसेंबरात तो अवशेष असल्याचे जाहीर केले. माझ्या मते विसंगती शोधण्याची हीच खरी रीत. कारण येथे शंकाकाराने आपली शंका दुसऱ्याच्या तपासणीस खुली केली.

जव्हार-मोखाड्यातील आश्रमशाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांनी एखाद्या संध्याकाळी मुलांना चढउताराच्या माळावर न्यावे, काठ्या रोवून त्यांच्या छाया मोजायला लावाव्यात, आणि मगच चंद्रावरील ती छायाचित्रे त्यांच्या हाती द्यावीत.