मेसेज वाचून दाखवणारी मुले

आमच्या मोहल्ल्यातील एका खालांनी गेल्या वर्षी मधुमेहाच्या गोळ्या अचानक बंद केल्या. मोबाईलवर मराठीत मेसेज आला होता : अमुक पानांचा काढा एकवीस दिवस घ्या, साखर कायमची जाईल. खालांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. मेसेज वाचून दाखवला तो नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने. दहाव्या दिवशी चक्कर येऊन त्या पडल्या, दवाखान्यात न्यावे लागले. अल्लाहच्या कृपेने त्या बऱ्या झाल्या. पण नातू आमच्याकडे येऊन रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, मी तर लिहिलं होतं तेच वाचलं."

त्याचे खरेच होते. वाचायला आम्हीच शिकवले होते. वाचलेले पारखून घ्यायला मात्र शिकवले नव्हते.

हे काम एका शाळेने फार चांगले केले आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ मर्सिडीज नावाचे गाव आहे. तेथे आरोग्यक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे एक हायस्कूल आहे. लोक त्याला 'मेड हाय' म्हणतात. २००१ च्या सुमारास सॅन अँटोनिओच्या वैद्यकीय ग्रंथालयातील ग्रंथपालांनी या शाळेला साथीला घेतले. चार विद्यार्थी निवडले. 'मेडलाइनप्लस' हे आरोग्यविषयक संकेतस्थळ कसे वापरायचे आणि दुसऱ्याला कसे शिकवायचे, याचे त्यांना प्रशिक्षण दिले. मग या मुलांनी वर्गमित्रांना आणि गावकऱ्यांना शिकवले. वर्षभरात ही चार मुले २,००० हून अधिक लोकांपर्यंत पोहोचली. प्रकल्पाचे वर्ष संपले, तरी शाळेने काम थांबवले नाही.

मेडलाइनप्लस चालवते अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय. १८३६ मध्ये लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीतील थोड्या पुस्तकांपासून त्याची सुरुवात झाली. १९९७ मध्ये या ग्रंथालयाने संशोधन-लेखांची सूची 'पबमेड' सर्वांना मोफत खुली केली. पण ती तज्ज्ञांच्या भाषेतली. घरच्या माणसांना समजेल असे मेडलाइनप्लस १९९८ मध्ये आले. त्यावर जाहिराती नाहीत. माहिती इंग्रजी व स्पॅनिशमध्ये आहे. काही विषयांची पत्रके उर्दू आणि हिंदीतही मिळतात.

आरोग्याची माहिती कशी पारखावी, हेही तेथे शिकवले जाते. त्यातले मुख्य प्रश्न आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत :

१. हे कोणी लिहिले? नाव, पदवी, संस्था दिली आहे का?
२. यासाठी पैसा कोण देतो? शेवटी काही विकायचे आहे का?
३. कधी लिहिले, कधी तपासले?
४. पुरावा दिला आहे, की नुसते 'माझ्या मावशीला गुण आला'?
५. 'कायमचा इलाज', 'डॉक्टर हे लपवतात' अशी भाषा आहे का?
६. आपला नंबर किंवा इतर खासगी माहिती मागतात का?

खालांचा मेसेज मुलांनी या प्रश्नांवर तपासला, तेव्हा तो पहिल्याच प्रश्नाला अडला. लिहिणाऱ्याचा पत्ताच नव्हता. आता दर शनिवारी शेवटच्या तासाला मुले घरून एक मेसेज आणतात आणि तपासतात. पालकसभेत बोलायला आम्ही मुलांनाच उभे करतो. अम्मी-अब्बा आमच्यापेक्षा त्यांचे लवकर ऐकतात.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगतो. चांगले संकेतस्थळही डॉक्टरची जागा घेत नाही. त्यावर वाचून डॉक्टरांना काय विचारायचे, ते कागदावर लिहून न्यावे. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

वाचक भगिनींनो, आपल्याही घरात वडीलधाऱ्यांना मेसेज वाचून दाखवणारे एखादे लेकरू असेलच. आज रात्री त्याला जवळ बसवून हे सहा प्रश्न शिकवा. खालांचा नातू अजूनही त्यांना मेसेज वाचून दाखवतो. पण आता खालाच आधी विचारतात, "बेटा, लिखा किसने है?"